घरबसल्या अंतराळमोहीम काढू इच्छिणारांस काही सूचना

दिवसभर कचेरीत दुसऱ्यांनी करून ठेवलेले घोटाळे निस्तरून शिणलेला, एरवी नाकासमोर चालणारा आणि मुदतीत घरपट्टी भरणारा गृहस्थ रात्रीची जेवणे उरकताच संगणकापुढे ठाण मांडतो, मोठ्या निगुतीने एक अग्निबाण उभारतो, तो आकाशात सोडतो, अर्ध्या मिनिटात उडालेल्या त्याच्या ठिकऱ्या प्रसन्न चित्ताने पाहतो आणि लगेच दुसरा उभारावयास घेतो, हा प्रकार आता पुष्कळ घरांत नित्याचा झाला असून त्यास कोणी व्यसन म्हणतात, कोणी पोरखेळ म्हणतात, तर घरातील वडीलधारी मंडळी विजेच्या बिलाकडे पाहून निव्वळ उधळपट्टी म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही एक विद्या आहे; आणि विद्या म्हटली की तिचे विधिनिषेध आले, अधिकारी-अनधिकारी हा भेद आला आणि गुरूवाचून होणारी परवडही आली. ती परवड टळावी, निदान शिस्तीने व्हावी, एवढ्याच मर्यादित हेतूने पुढील सूचनांचा मसुदा सिद्ध केला आहे.

प्रथम कार्यक्षेत्राची निवड. अंतराळात काही ना काही बांधावयास लावणारे खेळ बाजारात बरेच आहेत; परंतु ज्यास या विद्येचा श्रीगणेशा नीट गिरवावयाचा आहे त्याने ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ सोडून अन्यत्र जाऊ नये. हा खेळ कोणा अंतराळसंस्थेत जन्मला नाही. मेक्सिको शहरातील स्क्वाड नामक जाहिरातव्यवसायातील कंपनीत नोकरीस असलेल्या फेलिपे फालांगे या ब्राझीलच्या तरुणाने तो रचला. लहानपणी हा मुलगा शोभेच्या दारूच्या बाणांस चांदीच्या कागदाची माणसे बांधून उडवीत असे, आणि त्या माणसांचे ‘केर्बल’ हे नावच त्याने पुढे आपल्या खेळातील हिरव्या, बुटक्या, डोळे विस्फारलेल्या प्रजेस दिले. २४ जून २०११ रोजी खेळाचे आरंभीचे रूप लोकांपुढे आले, २७ एप्रिल २०१५ रोजी ते पूर्णत्वास पोहोचले, आणि दरम्यान, २०१४ साली, खुद्द नासाने लघुग्रह पकडून आणण्याची आपली योजना त्यात समाविष्ट होण्यास हातभार लावला. दिवाळीत बाणाला बाहुली बांधणाऱ्या मुलास आपल्याकडे काय मिळते, हे वाचकांस सांगावयास नको.

या प्रजेच्या ग्रहाचे नाव केर्बिन. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, दिवस सहा तासांचा, ७० किलोमीटर उंचीपलीकडे हवेचा अंमल संपूर्ण खलास. आणि एवढे असून पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यास असे आढळून येईल की, हा गोळा ऑस्मियम या अत्यंत जड धातूच्याही अडीच पट घन असला पाहिजे. शंकेखोर मनुष्याने ही शंका येथेच दफ्तरी दाखल करून पुढे जावे. ग्रह लहान केल्याने कक्षेत शिरण्यास सेकंदाला सुमारे सव्वादोन किलोमीटर वेग पुरतो; पृथ्वीभोवती तोच जवळजवळ आठ किलोमीटर लागतो, आणि तेवढा मिळवीत बसल्यास खेळाडूची दुसऱ्या दिवशीची कचेरी बुडाली असती. ग्रह खोटा आणि नियम खरे, अशी ही तडजोड आहे, व ती मोठ्या शहाणपणाची आहे.

यानंतर नोकरभरती. येथे ओळखीची चिठ्ठी नाही, जातीचा दाखला नाही, की अनुभवाचे प्रमाणपत्र नाही. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे दोनच गुणांचे मोजमाप दिलेले असते: एक धैर्य आणि दुसरा मूर्खपणा. आपल्याकडील सेवापुस्तकांत या दुसऱ्या गुणासाठी स्वतंत्र रकाना ठेवण्याची तरतूद झाली असती, तर राज्यकारभाराचे पुष्कळसे काम सुलभ झाले असते. उमेदवारांत जेबेडाया कर्मन याची निवड निःसंकोच करावी. यान उलटे होऊन जमिनीकडे झेपावत असता पडद्याच्या कोपऱ्यातील छोट्या चौकटींकडे दृष्टी टाकावी: त्याचे सोबती बिल आणि बॉब यांची दातखिळी बसलेली असते, आणि जेबेडाया हसत असतो. सुट्या भागांच्या यादीत काही वस्तूंवर निर्माता म्हणून त्याच्याच भंगारदुकानाचे नाव आढळते. अर्थात आपण कशावर बसलो आहोत याची त्यास पूर्ण कल्पना आहे, आणि तरीही तो हसतो, यावरून त्याची योग्यता ओळखावी.

आता प्रत्यक्ष बांधणी. यान वर जात नसेल तर इंधन वाढवावे, असा नवशिक्याचा समज असतो. इंधन वाढविले की वजन वाढते, वजन उचलण्यास आणखी इंधन लागते, त्या इंधनास टाकी लागते, टाकीसही वजन असते, आणि अखेरीस जे उभे राहते ते स्वतःच्याच भाराने तळावर उभ्या उभ्या कोसळते. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलेले सूत्र याच दुष्टचक्राचे आहे. पण मराठी वाचकास ते सूत्र न मांडताही उमजावे, कारण पानिपतच्या मोहिमेतील बुणग्यांचे प्रकरण त्याने शाळेत वाचलेले असते. लढणाऱ्यांसाठी शिधा, शिधा वाहण्यास बैल, बैलांसाठी चारा, चारा वाहण्यास पुन्हा बैल, आणि या सर्वांच्या आधाराने तीर्थयात्रेस निघालेले बाजारबुणगे. भाऊसाहेबांस जे साधले नाही ते अग्निबाणास साधते: टाकी रिकामी झाली की तिला, तिच्या इंजिनासकट, भर आकाशात बडतर्फ करता येते. यासच टप्पे पाडणे म्हणतात. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले तेव्हा त्याच्या १३३७ किलो वजनापैकी ८५२ किलो इंधनच होते. आणि त्यास वर नेणारा अग्निबाण बेताच्या ताकदीचा असल्याने ते थेट मंगळाची वाट न धरता पृथ्वीभोवतीच फिरत राहिले, पृथ्वीच्या निकट येताच वारंवार इंजिन पेटवून आपली कक्षा ताणीत गेले, आणि महिना सरताना मार्गस्थ झाले. दुबळे इंजिन बसवून पस्तावलेला खेळाडू नेमकी हीच युक्ती योजतो. त्यामुळे ती बातमी वाचताना इतरेजन अभिमानाने मान डोलावीत होते, तेव्हा हा मनुष्य ओळखीचे हसत होता.

उड्डाणाचा हुकूम कळफलकावरील सर्वांत लांब कळ दाबून द्यावयाचा असतो. तत्पूर्वी पडद्याच्या कडेस मांडलेली टप्प्यांची उतरंड खालून वर बारकाईने तपासावी. कारण पहिल्या टप्प्यात इंजिनाशेजारी हवाई छत्रीचे चित्र नजरचुकीने जाऊन बसले असल्यास इंजिन पेटते, त्याच क्षणी छत्रीही उघडते, आणि परतीच्या वेळी उपयोगी पडावयाची ती वस्तू निघण्यापूर्वीच कामी येते. असे घडल्यावर यानाचे काय व्हावयाचे ते होते आणि समोर एक तक्ता प्रकट होतो. त्यात मोहीम सुरू झाल्यापासून किती मिनिटे व किती सेकंद लोटले असता काय मोडले, याची क्रमवार नोंद असते: अमुक जोड तुटला, अमुक टाकी अमुक इंजिनावर आदळली, अमुक भाग अतिउष्णतेने नष्ट झाला.

हा पंचनामा सावकाश वाचावा, कारण खेळाचे निम्म्याहून अधिक सुख त्यात साठविलेले आहे. कचेरीत प्रकरण अडते तेव्हा ते का अडले हे अडविणारासही सांगता येत नाही. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ असे शेरे अंगावर वागवीत परत येतो, आणि एके दिवशी नामंजूर होतो किंवा, त्याहून अनाकलनीय म्हणजे, मंजूर होतो. बढती हुकली तर ती आपल्या नालायकीने हुकली की साहेबांच्या भाच्यामुळे, हा प्रश्न मनुष्य निवृत्तीनंतरही सोडवीत बसतो. केर्बिनवर असली संदिग्धता नाही. तेथील गुरुत्वाकर्षणापुढे वशिला चालत नाही, त्यास चिरीमिरी पोहोचविता येत नाही, ते कोणाविषयी मनात अढी धरीत नाही आणि काल चुकलेल्यास आज चुकला असे गृहीत धरीत नाही. झालेल्या सर्वनाशाची मालकी निर्वेधपणे आपल्या एकट्याच्या नावे लागते, तिच्यात भाऊबंदांचा हिस्सा नसतो. आणि आपली चूक सर्वस्वी आपली असणे हा केवढा दुर्मीळ हक्क आहे, हे ज्याने वीस वर्षे नोकरी केली त्यासच कळेल. शिवाय एक कळ दाबून उड्डाणापूर्वीच्या स्थितीत परत जाण्याची सवलत आहे. काही कर्मठ खेळाडू ती घेत नाहीत व मेलेल्या केर्बलांचे सुतक पाळतात. त्यांच्या संप्रदायास आमची हरकत नाही. मात्र त्यांतील बहुतेक जण अविवाहित असावेत, असा आमचा कयास आहे.

कक्षेत जाण्याविषयी एकच सूचना पुरे: वर जाऊ नये. सरळ वर गेलेले यान सरळ खाली येते, मग ते कितीही उंच गेलेले असो. निघाल्यावर थोड्याच वेळात नाक पूर्वेस झुकवू लागावे, म्हणजे ग्रहाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा सेकंदाला पावणेदोनशे मीटरांचा वेग फुकट पदरात पडतो. आणि पुढे बाजूला इतक्या वेगाने पळावे की, पडत असताना जमीनच चुकावी. परंतु कक्षेत पुढे चाललेल्या दुसऱ्या यानास गाठावयाचे असल्यास जी बुद्धी आपणांस जन्मतः मिळाली आहे ती तात्पुरती बाजूस ठेवावी. त्याच्या दिशेने इंजिन पेटविले की आपली कक्षा उंचावते, उंच कक्षेत फेरीस वेळ अधिक लागतो, आणि आपण मागे पडतो. पुढे जाण्यासाठी वेग कमी करून खाली उतरावे लागते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानाचा नायक जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच अग्निबाणाच्या टाकून दिलेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी त्याच्या रोखाने इंजिने चालवू लागला, तेव्हा अंतर घटण्याऐवजी वाढत गेले, आणि राखून ठेवलेले इंधन संपत आल्यावर त्यास तो नाद सोडावा लागला. कसलेल्या वैमानिकास जे अवकाशात जाऊन कळावयाचे होते ते आज नववीतल्या पोरास उशिरा झोपण्याच्या मोबदल्यात कळते.

क्रॅकेनविषयी मात्र सावध केले पाहिजे. आरंभीच्या आवृत्त्यांत यान मूळबिंदूपासून फार दूर गेले की त्याचे स्थान अचूक मोजण्यास संगणकाचे दशांश अपुरे पडत. त्या अपूर्णांकांच्या गफलतीने यानाचे भाग थरथरू लागत आणि काहीएक कारण नसता विखरून जात. खेळाडूंनी या गणिती दोषास समुद्रातील राक्षसाचे नाव दिले. पुढे रचनाकारांनी तो दोष बहुतांशी काढला आणि बॉप नामक उपग्रहावर राक्षसाचे कलेवर टाकून ठेवले, तरी त्याच्या खात्यावर खर्च टाकण्याची वहिवाट अद्याप चालू आहे. जोड सैल राहिला, क्रॅकेन. इंधनाची नळी विसरली, क्रॅकेन. सुज्ञाने या मोहात पडू नये. राक्षसावर आळ घातला की पंचनाम्यातले सुख गेले, आणि मग कचेरी काय वाईट होती?

शेवटी मुन, म्हणजे केर्बिनचा थोरला चंद्र. तेथे हवा नाही, त्यामुळे छत्री निरुपयोगी. तेथे उतार आहेत, त्यामुळे उंच, देखणे यान निषिद्ध. पाय रुंद फाकलेले, बसके, पाहताच हसू यावे असे यान न्यावे आणि टेकण्यापूर्वी आडवा वेग पूर्ण मारावा. सप्टेंबर २०१९ मध्ये आपले विक्रम हे यान चंद्रावर आदळले, तेव्हा इस्रोनेही अपघाताची छाननी करून पाय बळकट केले, इंधन वाढविले, उतरण्याची जागा ऐसपैस आखली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरे विक्रम अलगद उतरविले. खेळाडूचे पहिले यान बहुधा उतरते, क्षणभर उभे राहते आणि सावकाश कलंडते. आत जेबेडाया सुखरूप असतो. केर्बलांस या खेळात अन्नपाणी लागत नाही, तो तेथे वर्षानुवर्षे राहू शकतो, त्याची कोणी चौकशी करणार नाही आणि त्यास आणल्याबद्दल बक्षीसही ठरलेले नाही. असे असूनही ज्याने मूर्खपणाच्या पट्टीवरून त्यास निवडला होता तोच गृहस्थ आता त्याच्यासाठी रात्री जागवू लागतो.

या बचावमोहिमेचे यान बांधताना आसने मोजावीत. एका आसनाचे यान व्हॅलेंटिना या दुसऱ्या केर्बल वैमानिकाच्या हवाली करून पाठविले असता ते अपूर्व कौशल्याने जेबेडायापासून हाकेच्या अंतरावर उतरते, तो उड्या मारीत येतो, शिडी चढतो, आणि आत जागा नाही असे त्यास कळविण्यात येते. अशा प्रसंगी उमेद न सोडता तिसऱ्या यानाची तजवीज करावी. त्यास आसने तीन असावीत, दोन नव्हेत. चालकाचे आसन त्यांत धरलेले आहे याची पुन्हा एकवार खातरजमा करावी. आणि आतल्या खोलीतून ‘अजून किती वेळ?’ अशी पृच्छा झाल्यास ‘आता उतरवतोच आहे’ असे उत्तर द्यावे, जे रात्री अकरा वाजताही खरे असते आणि पहाटे तीन वाजताही.