चोरघाम

सातवीच्या वर्गावर अपूर्णांक चालू असले की माझ्या हातातल्या खडूचा लगदा होतो. अंश लिहून होईतो खडू तग धरतो; छेदापर्यंत पोचतो तेव्हा तो बोटांना भिजवलेल्या बेसनासारखा चिकटलेला असतो. हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही. अंगठा पँटला घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा टेकवायचा. यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. मागे रांगेतल्या बाई घड्याळाकडे बघतात आणि त्यांनी बघितलं की अंगठ्याला नव्यानं पाझर फुटतो. जुन्या मस्टरवर सही पसरायची, पण निदान हजेरी लागायची.

घरात माझ्या घामाचा अर्थ ज्याचा त्याचा आहे. आईच्या मते तो कष्टाचा. "लेकरू राबराब राबतंय," असं ती मी खुर्चीत पेपर वाचत बसलेला असतानाही म्हणते. शेजारचे तात्या "मास्तर, शुगर बगून घ्या" म्हणतात. त्यांनी निम्म्या गल्लीला शुगर सांगितलेली आहे, उरलेल्यांना बीपी. बायकोच्या मते तो खोटं बोलल्याचा. "कलिंगड केवढ्याला आणलं?" एवढंच ती विचारते, माझ्या कपाळावर थेंब जमतात आणि ती म्हणते, "राहू द्या, कळालं." आकडा मी कमी सांगणार असतोच, ते इथं कबूल करून टाकतो.

यात मराठीचाही दोष आहे. घाम गाळणारा थोर आणि घाम फुटलेला भेकड. पाणी तेच, क्रियापद बदललं की माणसाची किंमत बदलते. माझा घाम ना गाळलेला ना फुटलेला. तो नुसता येतो, पाहुण्यासारखा.

यंदा पाहुणेही आले. चैत्री पौर्णिमेला आमच्या येडेश्वरीची यात्रा भरते. देवी डोंगरावर, तुळजाभवानीची धाकटी बहीण मानलेली, त्यामुळे आमच्या गावात, येरमाळ्यात, ज्याचं घर त्याच्याकडे त्या आठवड्यात अख्खं गोत उतरतं. गच्ची पाहुण्यांना दिली जाते आणि घरधनी मधल्या खोलीत, वरचा पत्रा दिवसभर तापलेला, एका पंख्याखाली. चरकानं घाम काढायचे 13 प्रकार सांगितलेत, म्हणजे स्वेदनाचे. पत्र्याची खोली हा चौदावा प्रकार तो येरमाळ्याला न आल्यामुळे राहून गेला असावा.

पाहुण्यांत पुण्याचा भाचा होता. नोकरी सांभाळून त्यानं ॲक्युपंक्चरचा कोर्स केलाय आणि या विद्येसाठी आपल्या राज्यात कायदासुद्धा आहे, हे त्यानं चप्पल काढता काढता सांगितलं. मी काही विचारायच्या आत माझं मनगट त्याच्या हातात होतं. तीन बोटं ठेवली. मी म्हणालो, "वात, पित्त, कफ." तो म्हणाला, "तशी तीनच बोटं मामा, पण वाचायचं वेगळं. आता जीभ दाखवा." सगळ्या पाहुण्यांसमोर मी जीभ काढली. मघाशीच पान खाल्लेलं असल्यामुळे निदान लाल आलं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो मला पन्नाशीपर्यंत कुणी विचारला नव्हता. "घाम किती येतो ते राहू द्या. कधी येतो?"

चिनी वैद्यकात म्हणे सगळं या 'कधी'वर आहे. उन्हात, कामात आला तर तो घाम, त्याचं काही नाही. दिवसा, जागेपणी, काही न करता आला तर तो आपसूक घाम: अंगातली 'ची' नावाची शक्ती कमी पडली. या शक्तीतला एक भाग रखवालदाराचा. कातडीची रंध्रं कधी उघडायची, कधी लावायची हे त्याच्याकडं. तो ढिला पडला की दारं सताड. आणि झोप लागल्यावर येतो, जाग आली की थांबतो, त्याला ते 'ताओहान' म्हणतात, म्हणजे चोरघाम. मालक झोपला की शिरतो, मालक उठला की पळतो. हा 'यिन' कमी पडल्याचा. यिन म्हणजे अंगातला गारवा, ओलावा; तो आटला की आतली ऊब रात्री मोकाट सुटते. जेवताना नुसत्या डोक्याला येतो त्याचंही वेगळं नाव आहे: वाफेच्या भांड्यासारखं डोकं. ठेचा-भाकरीच्या वेळी माझ्याकडे बघितलं तर हे नाव ठेवणारा येरमाळ्याचाच असावा असं वाटेल. वर घाम हा हृदयाचा रस. हे ऐकून मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मग खडूवर कशाला सांडता?"

"उशी कशी असते सकाळी?" भाच्यानं विचारलं.

उशी ओली असते. रोज नाही, पण असते. गादीवर दोन उशा, एकाच छापाचे अभ्रे, आणि उन्हाळ्यात यातली एखादी सकाळी डोक्याच्या आकाराएवढी दमट लागते, हे मी बऱ्याच दिवसांपासून बघत होतो.

"चोरघाम," भाच्यानं निकाल दिला. "मामा, तुमचा यिन कमी आहे."

तात्यांना हे चिनी प्रकरण पटेना. मग भाच्यानं डॉक्टर कोटणिसांना मध्ये आणलं. आमच्याकडे सोलापूरचं नाव काढलं की विरोध निम्मा होतो. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच हिंदी डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथंच लग्न केलं आणि 1942 मध्ये, बत्तीस वर्षांचे असताना, तिथंच गेले. शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा सिनेमा 1946 चा. तात्यांनी तो बघितलाय. आता कोटणीस शस्त्रक्रिया करणारे सर्जन, सुया टोचणारे नव्हेत. सुयांची विद्या त्याच पथकातल्या डॉक्टर बसूंनी पुढं 1958 मध्ये पुन्हा चीनला जाऊन शिकून कोलकात्यात आणली. पण भाच्यानं कोलकाता मध्येच गाळलं आणि सुया थेट सोलापूरमार्गे येरमाळ्यात उतरवल्या. भरीला त्यानं सांगितलं की कोटणिसांच्या मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन.

बायको परात घेऊन जात होती ती थांबली. "म्हणजे यांच्यात हिंदुस्थान कमी पडलाय?"

हा यिन वेगळा, तो यिन वेगळा, लिहायची अक्षरंसुद्धा वेगळी, असं भाचा घसा कोरडा करून सांगत राहिला. पण तात्यांनी तोवर ते गल्लीत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मला "जय हिंद मास्तर" झालं.

उपचारांना तिथूनच सुरुवात झाली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल जागेवर भाच्यानं अंगठा रोवला; मी असा ओरडलो की गच्चीवरची मुलं खाली आली. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या वर दोन 'त्सून'. त्सून म्हणजे रोग्याच्याच अंगठ्याची रुंदी, आपल्या अंगुळासारखं माप. माझा अंगठा मोजायला धरला तर निसटला.

औषध मात्र आमच्या अंगणातच निघालं. बायकोनं कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. तिसरा दिवस, आंबूस वास सुटलेला. घमेल्यात पाणी ओतलं की पोचट दाणे वर येतात. ती ते ओंजळीनं काढून कोंबड्यांपुढे फेकत होती. भाचा धावला. "मामी, थांबा! हेच ते!" चिनी औषधांत घाम थांबवायला तरंगता गहू वापरतात. भरलेला नको, पोचटच हवा, पाण्यावर तरंगणारा. बायकोनं भिजलेल्या दाण्यांकडे बघितलं, कोंबड्यांकडे बघितलं. "ह्या तर रोज खातात," ती म्हणाली. मी विचार केला, आणि खरंच सांगतो, कोंबडीला घाम आलेला मी जन्मात बघितला नाही. तात्यांनीही नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात असं मी शाळेत शिकवतो, पण त्या क्षणी ते सांगून औषधाची इज्जत घालवावी असं वाटलं नाही. दाणे तव्यावर भाजून काढा झाला. चव सत्यनारायणाच्या प्रसादाची सुरुवात, पण साखर-तूप यायच्या आधीची.

या गव्हाच्या जोडीला ते शिंपल्याची भाजलेली पूडही देतात. शिंपला म्हणजे चुन्याचाच भाऊ, आणि चुन्याला येरमाळ्यात तोटा नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून उतरते आणि चुन्याच्या रानात लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. भाचा आणि मी त्या गर्दीत होतो. "आई राजा उदो उदो" चालू, वर ऊन, खाली पांढरी माती, आणि पुढच्या माणसाची पाठ माझ्या छातीला चिकटलेली. कुणाचा घाम कुणाच्या अंगावर चाललाय हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. भाच्याचा चष्मा दोनदा घसरून पडला. "आता बघ रे नाडी," मी ओरडलो. त्यानं नाडी बघायला हात धरला तो एका अनोळखी म्हातारीचा निघाला. तिनं त्याला चुनखडीचा खडा दिला आणि आशीर्वादही.

जाताना भाचा मला एक वही देऊन गेला. घाम कधी येतो ते पंधरा दिवस लिहायचं. बार्शीच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनीही सुयांचं नाव न घेता तेच विचारलं: रात्री येतो का, संध्याकाळी कणकण असते का, वजन उतरलंय का, खोकला? रात्रीचा घाम म्हटलं की क्षयाची शंका आधी घालवायची असते. शुगर आणि थायरॉइडला रक्त घेतलं. छातीत दुखून दरदरून घाम सुटला तर वही लिहीत बसू नका, एवढं मात्र बजावलं. रिपोर्ट सगळे चांगले आले. तात्या दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वही मी मनापासून लिहिली. सकाळी साडेदहा, हजेरीचं यंत्र. अकरा, अपूर्णांक. दीड, ठेचा. चार, हेडमास्तरांनी बोलावलं. चार वाजून पाच, काही नव्हतं, सहज बोलावलं होतं. साडेसहा, कलिंगड. रात्रीसाठी पेन आणि बॅटरी उशाशी. आठवडाभरात चोर सापडला: रात्री दोनच्या सुमारास लाईट जाते, पंखा थांबतो, मी भिजतो. लाईट येते, पंखा फिरतो, मी वाळतो. यिन माझा भरपूर होता, कमी पडत होती ती वीज. अशा रात्री डोळा उघडला तर बायको उंबऱ्यात बसून पेपरानं वारा घेताना दिसायची. मीही "गेली का?" म्हणायचो आणि कूस बदलायचो.

पंधराव्या दिवशी भाच्याला फोनवर वाचून दाखवायला वही काढली. माझ्या नोंदींच्या खाली, पानाच्या तळाला, पेन्सिलीत बारीक अक्षर होतं. दुधाचा हिशोब लिहिते तेच.

"2:40. पंखा चालू. उशी माझी ओली."

"3:10. पंखा चालू."

"1:50. पंखा चालू. गार पाण्यानं तोंड धुतलं."

अशा नऊ नोंदी. लाईट गेलेल्या रात्रींची त्यांत एकही नाही.

"मामा, आहात ना?" भाचा म्हणाला. मी त्याला नोंदी वाचून दाखवल्या. तो थोडा वेळ गप्प झाला, मग त्यानं विचारलं, मामीचं वय काय? चिनी वैद्यकाच्या दोन हजार वर्षं जुन्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात बाईच्या शरीराचा हिशोब सातानं केलाय म्हणे. सात साती आले की पाळी थांबते, आणि त्या सुमाराचा चोरघाम हा यिन कमी पडल्याचा सगळ्यात ओळखीचा प्रकार. "मामींनी मला त्या दिवशी विचारलं होतं, बायकांचं काय लिहिलंय म्हणून. तेवढ्यात तुम्ही जीभ काढली."

वर्गात मी पाढे चालीवर घेतो. सात साती एकोणपन्नास. जूनमध्ये तिला एकोणपन्नास पुरी होतात.

ती स्वयंपाकघरात कुरडयांची टोपली झाकत होती. मी वही घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो. पुढं काय बोलायचं ते जुळेना, आणि कपाळावर थेंब जमायला लागले.

तिनं वर बघितलं. "काय आणलंय आता?"