मंगळावरची वकिलात आणि कॅम्प नंबर तीन

सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना, २०१७ च्या जूनमध्ये, त्यांनी ट्विटरवर एकाला सांगितलं होतं की तुम्ही मंगळावर अडकलात तरी तिथली भारतीय वकिलात मदतीला येईल. देशभर लोक हसले, सुखावले. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये मात्र ते वाचून एखाद्या बापाच्या पोटात गोळाच आला असेल. कारण मंगळावरच्या वकिलातीने आधी मुलाचा जन्मदाखला मागितला असता आणि तो काढायला बापालाच महापालिकेत जावं लागलं असतं.

परदेशी गेलेल्यांसाठी सरकारने काही केलं नाही असं कोण म्हणेल? गांधीजी ९ जानेवारी १९१५ ला अपोलो बंदरावर उतरले, म्हणून २००३ पासून त्या तारखेला प्रवासी भारतीय दिवस सुरू झाला. २००६ पासून परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांसाठी ओसीआय कार्ड आलं, २०१५ मध्ये तक्रारींसाठी 'मदद' नावाचं पोर्टल आलं. १९९० मध्ये तर कुवेतमध्ये अडकलेली दीड लाखाहून जास्त माणसं विमानाने परत आणली. हे सगळं खरं आणि कौतुकाचं. पण दुबईतल्या मुलाने रात्री लॅपटॉपवर बटण दाबलं की सकाळी चप्पल घालावी लागते ती इथे, त्याच्या बापाला.

महापालिकेचं मुख्यालय आमच्याच कॅम्पात. त्याच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत बसलं की परराष्ट्र धोरण फार जवळून दिसतं. टेबलावर गोंदाची बाटली, शाई सुकत आलेलं स्टॅम्प पॅड, पासपोर्ट फोटो कापायची कात्री. समोर बटणवाली प्लास्टिकची फाइल छातीशी धरलेले एक काका. दुकानातला पोरगा दाखला वाचतो, पासपोर्टची झेरॉक्स वाचतो आणि मान वर करतो.

"काका, दाखल्यावर आईचं नाव शकुंतला आहे."

"माहेरचं नाव ते. लग्नात आम्ही मंगल ठेवलं."

"पासपोर्टवर मंगलच आहे. मग दाखल्यावर शकुंतला कसं काय?"

"बाळंतपणाला माहेरी गेली होती ना, कॅम्प चारला. दवाखान्यात सासूबाईंनी सांगितलं असेल."

"आता साहेब विचारणार, मुलाला आया किती?"

काका क्षणभर खरंच विचारात पडतात. मग प्रतिज्ञापत्राचं ठरतं: शकुंतला आणि मंगल ही एकच बाई. घरी मंगलताईंना हे कळतं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच, की चाळीस वर्षांनी का होईना, माझं नाव विचारलं कोणीतरी.

त्यातून दाखल्यावर मुलाचं नावच नसेल तर आणखी मजा. पूर्वी जन्माची नोंद व्हायची आणि नावाचा रकाना कोराच राहायचा, कारण बारसं व्हायचं असे. नाव घालायला नियमाने १५ वर्षांची मुदत. मधूनमधून मुदतवाढ मिळते आणि रांगा लागतात. एवढं झाल्यावर, दाखला परदेशात चालावा म्हणून शिक्के. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या, म्हणजे एकमेकांचे दाखले एका शिक्क्यावर मानण्याच्या, करारात आला, त्यामुळे अमेरिका-युरोपाला परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. पण संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. तिथे मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या वकिलातीचाही लागतो. आणि आमची अर्धी पोरं नेमकी दुबईला!

पत्त्याची तर गंमतच आहे. आमच्या पत्त्यात आजही 'बीके नंबर' असतो, म्हणजे बराक. महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर इथे सिंधहून आलेली एक लाखाच्या आसपास माणसं उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून छावणीचं उल्हासनगर झालं. बराकी कधीच पडल्या, त्यांच्या जागी मजले चढले, पण बीके नंबर हलला नाही. टोरांटोतल्या कागद तपासणाऱ्या एखाद्या बाईंनी विचारलं, की तुमचे आईवडील अजून छावणीत, बराकीत राहतात का, तर मुलाने काय सांगावं?

शेजारच्या सिंधी कुटुंबाचं कोडं याहून अवघड. पणजोबा फाळणीनंतर कराचीहून जहाजाने मुंबईला आले. पणतू न्यू जर्सीत जन्मला. त्याच्या ओसीआयसाठी आता प्रश्न येतो की आईवडील, आजी-आजोबा, पणजोबांपैकी कोणी कधी पाकिस्तानचे नागरिक होते का. होते म्हटलं तर कार्ड नाही. नव्हते म्हणायचं तर त्या धामधुमीत जहाजाची तिकिटं कोणी जपून ठेवली? ज्या सरकारने पणजोबांना बराक दिली, तेच आता पणतूला विचारतंय की पणजोबा कुठले.

सगळ्यात हळवा कायदा मात्र दहावी न झालेल्यांसाठी आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, आखातातल्या देशांसह १८ देशांत कामाला जायचं तर त्यांना आधी सरकारी मंजुरी लागते आणि दोन वर्षांसाठी पावणेतीनशे रुपयांत दहा लाखांचा विमाही काढावा लागतो. दहावी पास झालात की सरकार समजतं, तुम्ही स्वतःला सांभाळाल. आमच्या ओळखीतले पदवीधर पाहिले की या गृहीतकाची काळजी वाटते.

राज्यांचं म्हणाल तर केरळने १९९६ मध्येच परदेशी केरळीयांसाठी वेगळं खातं काढलं. मराठी माणसाने मंडळं काढली: लंडनचं १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. नाटकं होतात, गणपती बसतो, चकलीही मिळते. जन्मदाखला मात्र मिळत नाही.

म्हणून परदेशातल्या मुलामुलींना एकच सांगणं. डिसेंबरात याल तेव्हा लग्नं-मुंजी उरकायच्या आधी आपला दाखला काढून वाचा. स्वतःचं नाव आहे का, आईचं कुठलं नाव आहे, वडिलांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, हे बघा. काही चुकलं असेल तर महापालिकेत स्वतः जा आणि बाबांना त्या दिवशी घरी बसू द्या.