पेटीवर कोन आहे जी?

साकोली तालुक्यातल्या एका मंडईतलं गाणं. व्हिडिओ मोबाइलवरच काढलेला. हात हलतो, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं येतं. रात्रीचे दोन-अडीच वाजले असावेत, कारण पुढे बसलेल्या बायांच्या मांडीवर पोरं गाढ झोपलेली आहेत. गाणारी अंतरा संपवते आणि पेटीवाला समेच्या आधी अशी एक जागा घेतो की मागून चार-पाच जणांचा ‘व्वा’ एकदम ऐकू येतो. सहा-सात सेकंदांचं काम. मी ते दहा वेळा मागे नेऊन ऐकलं.

खाली कुणीतरी विचारलंय, ‘पेटीवर कोन आहे जी?’

प्रश्न अकरा महिने तसाच पडून होता. व्हिडिओवर चॅनेलचं नाव आहे, चॅनेलवाल्याचा नंबर आहे, मंडप-डेकोरेशनवाल्याचं नाव आहे, ‘सुपरहिट’ हा शब्द तीनदा आहे. गाणारीचं नाव नाही. गीत कुणाचं, चाल कुणाची, काही नाही. पेटीवाला तर चित्राच्या कडेला अर्धाच दिसतो.

धान निसवला आहे. भाऊबीज आली की मंडया सुरू होतील. म्हणून या आठवड्यात एवढंच बोलायचं आहे.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी सोशल मीडियावर चाहते कसे जोडावेत, याचे सल्ले हल्ली फुकट मिळतात. रोज काहीतरी टाका, चालू असलेल्या गाण्यावर ओठ हलवा, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडा. मुंबईत एका खोलीत बसून गाणाऱ्या पोराला ते उपयोगी पडत असेल. त्याला श्रोता शोधायचा आहे. आमच्या पेटीवाल्यापुढे श्रोता थंडीत, घोंगडं पांघरून, पहाटेपर्यंत बसलेला असतो. तिकीट काढून बसलेला असतो. त्याला तीन सेकंदांत काय पकडायचं? तो पाच तास हललेला नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झाला की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री नाटक. हे होळीपर्यंत चालतं. लाखांदूर तालुक्याच्या शेजारी, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडार आणि झाडीबोली यांच्या अभ्यासाला उभं आयुष्य दिलं. म्हणजे इथे कलेची वाण नाही, रसिकांची नाही, मानाचीही नाही. वाण आहे ती एका ओळीची. व्हिडिओखाली लिहिलेल्या नावाची.

मांडवात बक्षीस पुकारतात ते आठवा. कुणी दहा रुपये दिले तरी माइकवरून त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगतात. गाणं थांबवून सांगतात. दहा रुपये देणाऱ्याचं नाव साऱ्या गावाला कळतं आणि ज्याच्या बोटांनी ते दहा रुपये खिशातून काढायला लावले त्याचं नाव त्याच्या शेजारच्या तबलजीलाच काय ते माहीत असतं. पोस्टरवर नट-नट्यांचे फोटो असतात, ते असावेतच. साथीदारांची नावं असली तर सगळ्यात खाली, चिमट्यात धरून वाचावी इतकी बारीक. ही जुनी खोड आहे आणि मोबाइलनं ती होती तशीच उचलली.

वास्तविक नाव सांगणं ही आपल्याकडची फार जुनी रीत. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं, तुकडोजी महाराजांच्या भजनात ‘तुकड्यादास’ येतो. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो, गुरूचं गुंफतो, जमलं तर गावाचंही. छापखाना नव्हता, कॅसेट नव्हती, तेव्हा गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायचं आणि नाव त्याच्या पोटात बसून जायचं. कुणी कापून काढू म्हटलं तरी निघायचं नाही, कडवं लंगडं व्हायचं.

पुढे तबकडी आली. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं आणि गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिराला लेबलवर बरोबर नाव घालता यावं म्हणून ही सोय. त्या पुकाऱ्यामुळे आज सव्वाशे वर्षांनीही खरखरीतून ते नाव स्पष्ट ऐकू येतं. यंत्र नवं होतं, त्या बाईंनी पहिल्याच फेरीत त्याच्याकडून आपलं नाव वदवून घेतलं. आपल्या खिशातल्या यंत्राला वीस ओळी लिहायची जागा आहे आणि आपण ती कोरी सोडतो.

कोरी सोडणं कायद्यालाही धरून नाही, हे कंपनीवाल्यांनी आणि चॅनेलवाल्यांनी ऐकून ठेवावं. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि कलम 38 ब आलं. सादरीकरण ज्याचं, त्याला ते आपलं म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क त्यात आहे. गायक, वादक, नर्तक, सगळे त्यात आले. सादरीकरणावरचा वादकाचा हक्क 50 वर्षं टिकतो. पेटीवाल्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो नाइटचे पैसे घेतो, पेटी कापडात गुंडाळतो आणि पहाटेच्या गाडीनं पुढच्या गावाला निघतो.

आता हिशेब बघा. यूट्यूब जाहिरातीच्या पैशात वाटा द्यायचा तर साधारण दोन गोष्टी मागतं. 1000 वर्गणीदार, आणि वर्षभरात लोकांनी मिळून 4000 तास पाहिलेलं असणं. आपलं एक नाटक पाच तासांचं. आठशे माणसांनी ते पूर्ण पाहिलं की 4000 तास झाले. आठशे माणसं म्हणजे चांगल्या गावची एका रात्रीची गर्दी! जे गाठायला इतरांना वर्ष लागतं ते आपल्या मांडवात एका रात्रीत बसलेलं असतं. पण ज्याचं चॅनेल त्याचे तास, त्याचेच पैसे. ज्यानं मोबाइल बांबूला बांधून ठेवला तो मालक, आणि ज्यानं रात्रभर बोटं झिजवली तो पाहुणा.

म्हणून पहिली गोष्ट. पेटीमास्तर, ढोलकीवाले, गाणाऱ्या ताया, आपापल्या नावाचं खातं उघडा. कंपनीच्या नावाचं नको, ‘झाडीपट्टी किंग’ नको. आईबापानं ठेवलेलं नाव आणि गाव. कंपनी दरवर्षी बदलते, नाव बदलत नाही. पोराला, पुतणीला बसवा शेजारी, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि दुसऱ्याच्या चॅनेलवर आपला व्हिडिओ दिसला तर भांडू नका. खाली जाऊन लिहा, ‘पेटीवर मी आहे.’ चॅनेलवाल्याला फोन करून सांगा, वर्णनात सगळ्यांची नावं घाला. बहुतेक जण घालतील. त्यांनी नावं टाळली असं मला वाटत नाही, त्यांना कुणी मागितलीच नाहीत.

मग बोला, आणि आपल्या बोलीत बोला. कॅमेऱ्यासमोर गेलं की आमचा माणूस एकदम पुण्याचा होतो. ‘नमस्कार रसिकहो’ म्हणतो आणि दोन वाक्यांत घाम फुटतो. अरे बाप्पा, ज्याला डोळ्याला ‘डोरा’ म्हणणारा माणूस ऐकायचा आहे, त्याच्याशी तू पुस्तकातलं कशाला बोलतोस? तुझा श्रोता चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून खोलीवर आलाय. बारा जणांची खोली, कानात तार घालून तो तुझं गाणं लावतो. त्याच्या गावच्या मंडईला त्याला यंदा सुटी मिळालेली नाही. त्याला तुझी बोली ऐकायची आहे, ‘का जी, बरं हाव ना?’ एवढं ऐकायचं आहे. ते एक वाक्य बोललास तर तो ते आईला पाठवील.

व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्टची यादी असते, एका यादीत 256 जणांना एकदम निरोप जातो. पण तिची एक अट मला फार आवडते. ज्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे, त्यालाच तो निरोप पोचतो. ओळख दोन्हीकडून लागते. हजारो लाइक असण्यापेक्षा अडीचशे घरांत ‘पेटीवाले मामा’ या नावानं नंबर असणं मोठं. नाटक संपल्यावर पहाटे चहाच्या टपरीवर चार लोक येऊन पाठ थोपटतात ना, तेव्हा फक्त ‘येतो जी’ म्हणून निघू नका. नंबर द्या, नाव सांगून द्या. पुढच्या शनिवारी पवनीकडे आहे की तुमसरकडे, तेवढीच एक ओळ पाठवा. आपल्या श्रोत्याला दुसरं काही नको असतं. त्याला तारीख आणि गाव कळलं की तो मोटारसायकल काढतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र होळीनंतर होते. हंगाम संपला की आमचे कलावंत मोबाइलवरून नाहीसे होतात आणि थेट दिवाळीला पोस्टर घेऊन उगवतात. सात-आठ महिने! घरच्या सोयऱ्यालासुद्धा एवढे दिवस न बोलता कुणी लग्नाची पत्रिका धाडत नाही.

या महिन्यांत सांगण्यासारखं नाही असं कोण म्हणतं? गेल्या आषाढात एका ढोलकीवाल्याकडे बसलो होतो. पाऊस लागलेला, सकाळभर बांधीत रोवणा करून आलेला माणूस, पोटऱ्यांना चिखल वाळलेला. ढोलकी काढली, कानाशी धरून टिचकी मारली, ओल धरली म्हणाला. मग चुलीजवळ, आचेपासून हातभर लांब, तिला मांडीवर फिरवत बसला, एखादी बाई तान्ह्याला शेकते तसा. मध्ये मध्ये टिचकी. आवाज आधी भिजल्या पुठ्ठ्यासारखा येत होता, मग हळूहळू त्यात धार आली. शेवटच्या टिचकीला त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बोलला काहीच नाही. वीस मिनिटं लागली असतील. हे दोन मिनिटांत दाखवलं असतं तर चाकणच्या त्या पोरानं दहा जणांना दाखवलं असतं. मी म्हटलं, काढू का? तो म्हणाला, ‘ह्यात का पाहाचं आहे जी?’ त्यात काय पाहायचं आहे, हे फक्त त्यालाच दिसत नव्हतं.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, मांडवात ती खपते. यूट्यूबवर यंत्र चाल ओळखतं. मूळ गाण्याचा मालक मग तो व्हिडिओ बंद करू शकतो किंवा त्याच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो. तुम्ही रात्रभर गाल आणि पैसे मुंबईला जातील. त्यापेक्षा दंडारीतली, खडी गंमतीतली, रोवण्याच्या गाण्यांतली आपली चाल टाका. ती तुमच्या आजीनं गायली असेल तर तेही सांगा. आजीचं नावही लिहा.

आणि ते भडक चित्र लावणं सोडा. नाटक पाच तासांचं, त्यात नाचाची दहा मिनिटं, आणि व्हिडिओवर चित्र कुणाचं, तर वाकलेल्या नाचणारीचं. त्यावर बोट ठेवणारा दहा मिनिटं शोधतो आणि जातो, तो तुमचा कधीच नव्हता. ती नाचणारी मात्र तिच्या गावात, लेकराच्या शाळेत, त्या एका चित्रानं ओळखली जाते. तिचं तरी नाव कुठे लिहिलेलं असतं?

2020 साली मंडई अनेक गावांत भरलीच नाही. त्या वर्षी ज्यांचे नंबर लोकांच्या मोबाइलमध्ये होते त्यांची निदान विचारपूस झाली. ज्यांना लोक फक्त ‘अमक्या कंपनीचा पेटीवाला’ म्हणून ओळखत होते त्यांना शोधायचं म्हटलं तरी कसं शोधणार होते?

त्या साकोलीकडच्या व्हिडिओचा मी छडा लावला. एका तबलजीला विचारलं, त्यानं दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्या फोनला नाव मिळालं. पेटीमास्तरांना फोन केला, नाव लिहू का म्हणून विचारलं. ते बांधीवर होते, धुऱ्यावर उभं राहून बोलत होते. हो म्हणाले. व्हिडिओ त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

अकरा महिन्यांपूर्वीच्या त्या प्रश्नाखाली मी नाव आणि गाव लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन जण आले. एकानं लिहिलं, ‘आमच्या मामाच्या गावचे.’ दुसऱ्यानं नुसते हात जोडले. तिसरा मूळ प्रश्न विचारणारा. त्यानं लिहिलं, ‘यंदा कुठी आहे जी त्यायचा प्रोग्राम?’

याचं उत्तर मी दिलेलं नाही. ते पेटीमास्तरांनी द्यायचं आहे. पुतण्याला त्यांच्याकडे पाठवलं आहे, खातं उघडायला.