अर्थिंगकाका

कॉम्प्युटरचे स्पीकर घूं करतात, हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात बोलू नये. अर्थिंगकाका ऐकतात आणि आपला रविवार जातो.

काका निवृत्त असतात. कुठून ते महत्त्वाचं नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. चप्पल काढतानाच ते हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. पंखा बंद होतो, मिक्सर बंद होतो, चटणी अर्धवट वाटलेली राहते. स्पीकरला कान लावून, डोळे मिटून काका म्हणतात, "खर्जातला सा. ५० हर्ट्झ. मेन्स शिरलाय. कपॅसिटर गेला असता तर वरचा सा लागला असता, १०० चा." घरात इतकं मन लावून गाणंही कुणी कधी ऐकलेलं नसतं.

मग व्हॉल्यूम शून्यावर. घूं गेली. काका खुलतात. आवाज तसाच राहिला असता तर दोष स्पीकरच्या आतला. फुगलेला कपॅसिटर काढायचा, नवा सोल्डर करायचा, संपलं. बाहेरून येणारी घूं मात्र संध्याकाळपर्यंत पुरते.

एवढ्यात सोसायटीचा वायरमन डोकावतो. "काका, थ्री पिनची मोठी पिन काढून टाका ना, आवाज लगेच जाईल." जाईलही. पण काका त्याच्याकडे असं बघतात की तो लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरतो. कॅबिनेटला फेज लागला, तर करंट त्या पिनेतून जमिनीत जायचा. पिन नसेल तर हात लावणाऱ्यातून जाईल. या एका मुद्द्यावर काकांशी वाद घालू नये. ते बरोबर असतात.

वायरी उपसणं सुरू होतं. स्पीकरला एकीकडून कॉम्प्युटर, दुसरीकडून सेट-टॉप बॉक्स. कॉम्प्युटरचं अर्थिंग भिंतीतल्या प्लगमधून, केबलवाल्याच्या वायरीचं गच्चीवर कुठेतरी. दोन अर्थिंगांमध्ये थोडा फरक, म्हणून ऑडिओ वायरीच्या जाळीतून करंट फिरतो, आणि स्पीकर तो इमानाने ऐकवतात. काका केबलची वायर खेचतात. चिडीचूप.

"सापडला! ग्राउंड लूप!"

आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, मालिका गेली!"

घरात मतदान होतं. घूंच्या बाजूने तीन, शांततेच्या बाजूने काका. त्यांना मत नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. वायर परत लागते, घूं परत येते, चटणीही पुढे सरकते. चहा घेता घेता काका उपाय लिहून देतात: ग्राउंड लूप आयसोलेटर, बुधवार पेठेत मिळेल. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. गाणं पलीकडे जातं, अर्थिंग अलीकडेच राहतं.

दारात पोहोचल्यावर ते मागे वळतात.

"दोन आणा. एक मला हवाय. आमच्याकडे तर चारही स्पीकर खर्जात लागलेत."