पोटखराबा वजा जाता

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून, त्यांतील बराच काळ उभ्या पिकांची आणेवारी ठरवण्यात गेल्यामुळे, कोणत्याही वस्तूवर नजर टाकताच तिची रास्त किंमत सांगण्याचे सामर्थ्य आपल्या अंगी आले आहे, असा एक गोड भ्रम मी निवृत्तीनंतरही जोपासून होतो. आणि असा भ्रम जोपासणाऱ्याला दैव हटकून एखादा भाचा देते. माझा भाचा एका गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी आहे. संस्थेच्या चौथ्या मजल्यावरील रिकाम्या दालनात तरुण मंडळींसाठी पूलचे टेबल असावे, नव्यासाठी निधी नाही म्हणून ते जुने घ्यावे, आणि जुन्याच्या किमतीत फसगत होऊ नये म्हणून मामांना पुढे करावे, असा ठराव सर्वानुमते संमत करवून तो माझ्याकडे आला. "मामा, तुम्ही उभ्या पिकाचा अंदाज बांधत होतात, हे तर नुसतं उभं टेबल आहे," असे तो म्हणाला. इतका तर्कशुद्ध अर्ज उभ्या नोकरीत माझ्यापुढे आला नव्हता.

टेबल पुण्याच्या कॅम्पात, बंद पडलेल्या एका पूल पार्लरात, पहिल्या मजल्यावर होते. मालकांनी दारातच नव्वद हजारांचा आकडा उच्चारला आणि पाठोपाठ त्याचे समर्थन केले: टेबल नऊ फुटी आहे, पोटातला दगड इटालियन आहे, आणि त्यावर खुद्द विल्सन जोन्स यांचा हात फिरलेला आहे. तिसरा मुद्दा ऐकून मी टोपी सावरली. पुण्यात १९२२ साली जन्मलेले, १९५८ साली कलकत्त्यात आणि पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद पटकावणारे जोन्स तीन चेंडूंचा खेळ खेळत, तो बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा विस्तीर्ण मैदानावर; पंधरा रंगीत चेंडू एकामागून एक भोकांत लोटण्याच्या या आटोपशीर टेबलाशी त्यांचे नाते जोडणे म्हणजे कसब्यातल्या एखाद्या बोळात उभे राहून शनिवारवाड्याची हद्द दाखवण्यासारखे होते. शिवाय टेबलाच्या चौकटीवरील पितळी पट्टीवर १९९७ साल कोरलेले होते, आणि त्या साली जोन्स पंचाहत्तर वर्षांचे होते. हात फिरला असेलही म्हणा. त्या वयात माणूस कशावरही हात टेकतो.

मग मोजणीस आरंभ झाला. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा, समोरासमोरच्या कुशनच्या धारेपासून धारेपर्यंत, लांबीत १०० आणि रुंदीत ५० इंच भरावी लागते. येथे ती ८८ आणि ४४ भरली, अर्थात टेबल आठ फुटी निघाले. मालक लाकडाच्या बाहेरील कडेपासून कडेपर्यंत मोजत होते, आणि तरीही कमी पडलेले इंच स्वतःच्या औदार्यातून भरून काढत होते. मी त्यांना समजावले की, सातबाऱ्यावर शेताचे एकूण क्षेत्र लिहिले जाते खरे, परंतु ओढा, खडक आणि वाट हा पोटखराबा वजा केल्यावाचून आकारणी होत नसते, आणि चहाचे पेले ठेवण्याच्या या लाकडी पट्ट्या निर्विवादपणे पोटखराब्यात मोडतात. "साहेब, चहाचे पण मी पैसे घेत होतो," मालक म्हणाले. या उत्पन्नाची तजवीज आमच्या नियमावलीत नव्हती.

दगडाबाबत मात्र ते निदान निम्मे खरे बोलले. दगड इटलीचा होता की कुठला हे त्याच्यावर लिहिलेले नव्हते, पण तो दगड होता. स्वस्त टेबलांत त्याच्या जागी भुसा दाबून केलेली फळी असते. ती दमट हवेत फुगते, आणि मग चेंडू खेळाडूच्या इच्छेने न जाता स्वतःच्या इच्छेने जाऊ लागतो. लंडनच्या जॉन थर्स्टन या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडाऐवजी पाटीचा दगड प्रचारात आणला. ज्या पाटीवर आपण श्रीगणेशा गिरवला, थुंकी लावून पुसला आणि त्याबद्दल मास्तरांची छडी खाल्ली, त्याच पाटीचा. मी पॉकेटच्या तोंडात बोट घालून कापडाखालची करडी कड चाचपली. इंचभर जाड, आणि वैशाखातही गार. साठ वर्षांनी पाटीला बोट लागले, आणि किंमत ठरवायला आलेल्या माणसाच्या मनात जी कोवळीक येता कामा नये, ती क्षणभर येऊन गेली. मनातल्या मनात मी पाच हजार वाढवले.

ते पाच हजार कुशनांनी तत्काळ परत घेतले. ताजे रबर असेल तर जोराने मारलेला चेंडू या टोकाहून त्या टोकाला आपटत टेबलाच्या चार-एक लांब्या सहज तोडतो. हा दोन लांब्यांनंतर, पेन्शनरासारखा, वाटेतच बसला, आणि कुशनमधून आवाज आला तो गादी झोडपल्याचा. कापडावर पहिला फटका मारण्याच्या जागेपासून चकाकणारी पायवाट पडली होती, आणि चेंडूंचा त्रिकोण रचतात तेथे गोंदण काढल्यासारखे ठिपके उमटले होते. घरी येऊन मी अकरा पानांचा अहवाल सिद्ध केला: पैसेवारी पंचेचाळीस, म्हणजे दुष्काळाच्या हद्दीत, सबब नव्वद हजारांवर रास्त किंमत रुपये चाळीस हजार पाचशे.

दुसऱ्या दिवशी हा अहवाल मी मालकांसमोर वाचीत असता, भाच्याने टेबल उतरवण्यासाठी बोलावलेला मिस्त्री येऊन उभा राहिला. त्याने टेप काढली नाही. खाली वाकून त्याने दगडाला तळाकडून तळहात लावला, एक चेंडू नुसत्या बोटाने लोटला, आणि मला विचारले, "काका, तुमच्याकडे जिना कसा आहे?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नसता. जिना अरुंद होता, प्रत्येक मजल्याला दोन वळणे होती, आणि लिफ्ट तीन माणसांची. मिस्त्रीने बोटांवर हिशेब केला. टेबल सुटे करणे, साठ-साठ किलोचे तीन दगड, त्यांना चार हमाल, टेम्पो, वर नेल्यावर सांधे मेणाने भरणे, लेव्हल काढणे, नवे कापड चढवणे, सहाही कुशनांचे रबर बदलणे, एकूण अठ्ठावन्न हजार. मग मालकांकडे वळून तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "आणि महिनाअखेर तुम्हाला जागा खाली करायचीय ना? नाही विकलं तर यातला अर्धा खर्च तुम्हालाच येणार."

मालक बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले. "पंधरा हजार द्या," ते शेवटी म्हणाले, "पण वरचा दिवा आणि क्यू पण घेऊन जा. मला ते घरी नकोत."

टेबल चौथ्या मजल्यावर बसले आहे. लेव्हल काढताना एका पायाखाली किंचित फट राहिली, तेव्हा मिस्त्रीने घडी घालायला जाडसर कागद मागितला आणि भाच्याने माझ्या अहवालाची चार पाने दिली. उरलेली सात माझ्याकडे आहेत. कोणास हवी असल्यास घेऊन जावीत.