डॉ. बाउडलर यांच्या कात्रीस

रा. रा. डॉ. थॉमस बाउडलर, मुक्काम ऑयस्टरमाउथची दफनभूमी, स्वॉन्झी, वेल्स, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं आहे. आपण १८२५ साली गेलात आणि ते १८३६ साली छापून आलं, त्यामुळे सत्काराचा योग हुकला. बाउडलराइझ करणे! लांबी कमी केली म्हणून कुणी हा शब्द वापरत नाही, आणि सरकारने हुकूम काढून ओळी कापल्या तर त्याला सेन्सॉर पुरतो. इथे कुणी सांगितलेलं नसताना, लेखकावर भक्ती असताना, घरच्यांच्या काळजीपोटी त्याचं ‘तसलं’ काढून टाकायचं असतं. कर्म म्हणून पुस्तक, नाटक, सिनेमा काहीही चालतं. कर्ता सोज्वळच लागतो. आणि हो, कौतुकाने हा शब्द कुणी उच्चारत नाही.

आपलं कर्तृत्व मात्र थोर. वडील शेक्सपिअर मोठ्याने वाचताना अडचणीचे शब्द गुपचूप गाळत, हे आपल्याला इतकं भावलं की ती सोय आपण साऱ्या इंग्लंडला करून दिलीत. आपल्या गाळीव शेक्सपिअरच्या १८१८ च्या दहा खंडांत लेडी मॅकबेथच्या हातावरचा शापित डाग किरमिजी झाला. देवाच्या जागी ‘स्वर्ग’ आला. ऑफेलियाचं मरण निखळ अपघात ठरलं. ‘चौथा हेन्री’मधली डॉल टेअरशीट ही वेश्या तर नाटकातूनच हद्दपार! शीर्षकपृष्ठावर मात्र आपण लिहिलंत की मूळ संहितेत काहीही भर घातलेली नाही. मग तो किरमिजी रंग कुणाच्या दौतीतला? ‘ऑथेल्लो’ने आपल्याला घाम फोडला. कितीही कापा, मत्सर शिल्लक राहतोच! शेवटी ते दिवाणखान्यातून उचलून खासगी खोलीत ठेवावं, असा सल्ला देऊन आपण मोकळे झालात. शिक्षणाने डॉक्टर ना आपण. रोगी हाताबाहेर गेला की जागा बदलायला सांगायची.

१७८८ साली लंडनमध्ये बुद्धिबळाच्या एका डावात आपण दोन्ही हत्ती मारू दिलेत आणि डाव जिंकलात, म्हणे. तिथे निदान मोहरी आपली होती.

पण खरी तक्रार वेगळीच आहे. बाथमध्ये १८०७ साली वीस नाटकांची पहिली आवृत्ती निनावी निघाली, ती आपल्या भगिनी हेन्रिएटाबाईंनी साफ केलेली होती. पुढे श्रेय आपल्याकडे आलं, क्रियापदही आपल्याच नावाचं. अविवाहित बाईने त्या ओळी गाळल्या म्हणजे तिला त्या कळल्या, हे जगासमोर कसं येऊ द्यायचं? थोडक्यात, शेक्सपिअरच्या आधी आपल्या घरात बहीण गाळली गेली.

तरीही एक मान्य करतो. आपण गाळतो आहोत, हे आपण शीर्षकपृष्ठावर सांगितलंत. आमच्याकडच्या इंग्रजी वाहिन्यांवर पात्र चक्क बीफ मागवतं आणि खालच्या उपशीर्षकांत ते नाहीसं होतं. कोंबडीचा ब्रेस्टसुद्धा तारांकित होतो. तिथल्या कात्रीवाल्याचं नाव कुठेच येत नाही, त्यामुळे त्याचं क्रियापद व्हायची सोय नाही.

उत्तर पाठवावं. हेन्रिएटाबाईंच्या हातून तपासून आलं तरी चालेल. गाळलेले शब्द तेवढे वेगळ्या पाकिटात घालावेत. टपालखर्च आम्ही देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक न गाळलेला वाचक