वेळेवर येणाऱ्यांना जाहीर तंबी

प्रति,
घंटा होण्याआधी शाळेच्या आवारात हजर असणारी समस्त लेकरे,
मु. पो. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय : रोज आणि वेळेवर शाळेत येण्याची खोड सोडण्याबाबत.

लेकरांनो,

तुमच्याविषयी तक्रारी फार वाढल्या आहेत. तुम्ही रोज शाळेत येता. तेही वेळेवर. परिपाठाला पुढच्या रांगेत उभे राहता, प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणता, दिनविशेष ऐकता आणि हजेरीत आपलं नाव आलं की खणखणीत आवाजात ‘हजर’ म्हणता. या तुमच्या वागण्यामुळे गल्लीपासून मंत्रालयापर्यंत मोठ्या माणसांची पंचाईत झाली आहे. आमच्यातला एकही जण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी सापडत नाही आणि तुम्ही दहा वर्षांची पोरं घड्याळ पाळता, हे बरं दिसत नाही. सबब ही तंबी.

आधी घरच्या तक्रारी. मृगाचा पाऊस पडला की सोयाबीनची पेरणी, मग खुरपणी, दसऱ्याच्या आगेमागे काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, आणि माघ-फाल्गुनात हळद काढून शिजवायची. यात शाळा बसवायची कुठे? तरी तुम्ही बसवता. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून, हंडा भरून, ओल्या केसांची वेणी घालत धावत येणारी ती चौथीतली पोरगी तर कहरच करते. तिला घरी थांबवलं तर वेचणीची मजुरी वाचते, हा साधा हिशोब तिला कळत नाही.

शिवाय बाजार आहे, जत्रा आहे, मामाकडचं बारसं आहे आणि चुलत आत्याच्या दिराचं लग्न आहे. लग्नपत्रिकेत मुहूर्त मिनिटासकट छापलेला असतो आणि अक्षता पडतात दोन तासांनी. वरातीत नवरदेवाचे दोस्त नाचत असतात, मंडपात पाहुणे घामाघूम होतात, आणि त्या घोळात तुमचा शाळेचा अख्खा दिवस जातो. कुणी हटकलं तर आमचं उत्तर तयार असतं : ‘एक दिवस नाही गेलं तं काय होतंय?’

काय होतंय ते सांगतो. समजा त्या दिवशी बाईंनी 402 मधून 187 वजा करायला घेतले. एककाच्या घरात 2, त्यातून 7 जात नाहीत. दशकाकडे हातचा मागावा तर तिथे शून्य. मग शतकाकडून दशकाकडे आणि दशकाकडून एककाकडे असा फेरा घालून तो आणावा लागतो. बाई तो फेरा खडूने सावकाश दाखवतात, दोघा-चौघांना फळ्याजवळ बोलावून करून घेतात. उत्तर येतं 215. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला असतो आणि तुम्ही लग्नाच्या बुंदीसह वर्गात परतता. वहीत तेच गणित करता आणि उत्तर लिहिता 385, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करून तुम्ही मोकळे होता. कुणाच्या लक्षात आलं तर ठीक. नाही आलं तर तो एक दिवस पाचवीत भागाकाराला आडवा येतो, आठवीत समीकरणाला आडवा येतो आणि पुढे मोंढ्यात हळदीची पट्टी तपासतानाही आडवा येतो. आडत्याला त्याची अडचण नसते.

उशिराचीही चिंता नको. पंधरा मिनिटांनी काय बिघडतं? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं ठरवून दिलं आहे. रोज पंधरा मिनिटं उशीर केला की 200 दिवसांत 50 तास होतात. म्हणजे शाळेचे साडेबारा दिवस, तेही हजेरीपटावर एकही खाडा न लागता! इतकी सफाईदार चोरी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही, आणि तुम्ही वेळेवर येऊन ती संधी घालवता.

आता वाडी-तांड्यावरून शिकायला येणाऱ्या मोठ्या पोरींविषयी. तुम्ही फाट्यावर बस यायच्या आधीच येऊन उभ्या राहता, ही तर सरळ एसटी महामंडळाची बदनामी आहे. तुमच्यासाठी मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे. पास रोज खिशात असतो. आता बसही रोज हवी, हा हट्ट कशाला? 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. कोरोनाने वर्गाबाहेर काढलेली पोरं नुकती कुठे परत येत होती, तेवढ्यात गाड्याच थांबल्या. त्या काळात ज्या पोरी पायी गेल्या, त्यांनी पुढच्या पिढीपुढे फार वाईट पायंडा पाडला आहे.

सरकारचं म्हणाल तर त्याने तुमच्या हजेरीची काळजी पूर्वापार वाहिली आहे. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं. इंग्रज सरकारला काही घाई नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र 1917 साली ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया. बापाच्या छातीत धस्स होत असणार. मग 1992 साली आपल्या राज्याने गरीब घरच्या, मागास समाजांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. तोही एकच रुपया, दर हजर दिवसाला. वर्षाचे फार तर 220. पाऊणशे वर्षांत दंडाचं बक्षीस झालं, रुपया मात्र तोच राहिला. दंडाच्या रुपयाने माणूस घाबरायचा. भत्त्याच्या रुपयात आज पेन्सिलसुद्धा येत नाही.

खरी आदर्श हजेरी कशी असते ते बघायचं असेल तर ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी आठवा. आधी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात डोकी मोजली, मग साऱ्या राज्यात. लाखो विद्यार्थी नुसते कागदावर निघाले. काय गुणी लेकरं होती! ऊन नाही, पाऊस नाही, ताप नाही, मामाचं लग्न नाही. हजेरीपटावर कायम हजर आणि वर्गात आवाज म्हणून नाही. तुम्ही हाडामांसाची पोरं त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

त्यानंतर सरकार सावध झालं. 2016 साली हुकूम निघाला, की गुरुजींनी दर सोमवारी पोरांसोबत सेल्फी काढून ऑनलाइन चढवावी. आरडाओरड झाली, हुकूम बारगळला. 2023 च्या डिसेंबरात मोबाइलवर हजेरी घेणारा बॉट आला. तेव्हा वर्गात शिरताच गुरुजी हात उंच करून रेंज शोधताना दिसले तर हसू नका, ते तुमचीच हजेरी घेत आहेत. 2024 मध्ये तर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असंही ठरलं, का, तर लेकरांची झोप पुरी व्हावी. कोंबडा आरवायच्या आधी गोठ्यात शेण काढणारी जी पोरं आहेत, त्यांनी या निर्णयाचा लाभ घेऊन तातडीने झोपावं.

शेवटी, ज्यांना ही तंबी देताच येत नाही, त्यांच्याविषयी. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या ऊसतोड जोडप्यांना, म्हणजे ‘कोयत्यां’ना, मुकादमाची हाक येते. आगाऊ उचल घेतलेली असते, जावंच लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये बसलेलं तिसरीतलं पोर. दुसरं सत्र उघडतं तेव्हा ते फडात वाढं गोळा करत असतं आणि परततं तेव्हा वर्षाची परीक्षा तोंडावर असते. त्याला गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. चांगली योजना आहे. फक्त बरेचदा ट्रॅक्टर आधी निघतो आणि मंजुरी मागून येते. त्या पोराच्या नावापुढे महिनोन्‌महिने खाडे पडतात आणि उशीर झाला असतो मंजुरीच्या कागदाला.

तर लेकरांनो, एवढं लिहूनही तुम्ही ऐकणार नाही, उद्या पुन्हा घंटेआधी हजर व्हाल, हे मी जाणून आहे. तेव्हा तंबी मागे घेतो आणि तुमच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्यांशी दोन शब्द बोलतो. मंडळी, हजेरीचं व्याख्यान पोरांना पुरे झालं. त्यांच्या हातात ना बस आहे, ना पेरणी, ना उचल, ना मंजुरी. लग्नाची तारीख सुट्टीत धरा. वेचणीला एक मजूर जास्त लावा, पोरगी शाळेत जाऊ द्या. ट्रॅक्टर निघायच्या आधी वसतिगृह सुरू झालं का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जाऊन विचारा. त्या समितीत पालकच जास्त असतात. बस चुकली तर पोरीला रागावू नका, आगाराला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि एवढंही जमत नसेल तर शाळेत आणखी एक हजेरीपट ठेवावा, आमच्या नावांचा. पोरं रोज सकाळी आमची हजेरी घेतील. महिनाअखेरीला कुणाचे खाडे जास्त भरतात, ते साऱ्या गावाला दिसेल.

कळावे,
आपला,
मोठ्या माणसांपैकी एक